बारशाला आणलेलं कुत्रं

आपण जन्मात दोनच मुक्काम केले आणि दोन्ही गारखेड्यातच, असं म्हाळसाबाई इमारतीतल्या बायकांना ठासून सांगायच्या. पहिला मुक्काम ज्वारीच्या धसकटात, नवरा, कुत्रं आणि दीडशे मेंढ्यांसोबत. दुसरा त्याच रानावर उठलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, मुलगा आणि सुनेसोबत. हे अर्थातच धादांत खोटं होतं. फुलंब्रीपासून पैठणपर्यंत असं रान नसेल, जिथं सोनाजी आणि म्हाळसाबाईंनी मेंढ्या बसवल्या नाहीत. पण गारखेड्याचं त्यांना फार. लिफ्ट बंद पडली की त्या जिन्यात मध्येच टेकायच्या आणि म्हणायच्या, "इथंच आमचा मोत्या बसायचा. तवा चढावं लागत नव्हतं."

सोनाजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेंढ्या त्याच्याही आधी, एका दुष्काळात विकून टाकल्या. एकुलता एक मुलगा बिभीषण वाळूजच्या कंपनीत लागला, आणि सून योगिनी शहागंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलेना. आणि हलला तो यंदा. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, दारात टँकर, धरणात चिखल, अशा वर्षी घरात मुलगी आली.

ती कशी आली, ही हकीकत म्हाळसाबाईंना सांगायची नाही असं नवराबायकोत ठरलं होतं. योगिनीनं तर बिभीषणला शपथ घातली होती. पण बिभीषणच्या पोटात लहानपणापासून काही टिकत नसे. योगिनीला पाचवा महिना असताना, एकदा ती ड्युटीवर गेली तेव्हा, तो गॅलरीत आईजवळ येऊन उगाच घुटमळायला लागला.

"आई, एक सांगू? पण कुणाला बोलू नको."

"कुणाला बोलायचं नसंल तर मलाबी सांगू नको."

"नाय, सांगतोच."

जालना रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं काढून जे अर्धा तास समजावलं होतं, ते बिभीषणनं आपल्या परीनं आईला दोन वाक्यांत उलगडलं. "मिरचीचं रोप आपण नर्सरीतून आणतो का नाय? तसंच समज. बीज दुसऱ्या एका बाईचं, बाकी सगळं आपलं."

"कोन बाई?"

"ते सांगत नाहीत. कायदाच तसा हाय."

"आन् तुझं?"

"माझं माझंच हाय की," बिभीषणनं लाजून कठड्याकडं तोंड फिरवलं.

"मंग पोट कुणाचं?"

"पोट योगिनीचं."

खरं सांगायचं तर म्हाळसाबाईंच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की बरं झालं, आपल्या सोनाजींचं रक्त राहिलं. आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. कारण त्याचा दुसरा अर्थ एवढाच होता, की येणारं लेकरू सगळ्या घराचं असणार होतं, फक्त जी ते नऊ महिने वाहणार तिचंच नसणार होतं. निदान तिला तसं वाटणार होतं. लॅबमध्ये बसून दिवसभर लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट काढणारीची समजूत कोण आणि कशी घालणार?

"योगिनीच्या आईच्या गालाला खळी होती म्हणं," बिभीषण हळूच म्हणाला. "योगिनी नऊ वर्षांची होती तेव्हाच आई गेली. चेहरा आता नीट आठवत नाही, खळीच तेवढी आठवती. हिला सोताला नाय आली. एक पिढी सोडून पोरीला येईल असं वाटायचं तिला. आता कुठून येणार? त्यावरून रडती कधीकधी."

"माझ्यासमोर कधी रडली नाय."

"तुला माहीतच नाय ना," बिभीषण म्हणाला, आणि आपण आत्ता काय केलं हे त्याच्या ध्यानात येऊन त्यानं कपाळावर हात मारला.

मुलगी महिनाभर आधीच आली. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि मग बोळक्याएवढं तोंड घेऊन चौथ्या मजल्यावर दाखल झाली. नाव ठेवायचं बाकी होतं, म्हणून सगळे तिला बाळ म्हणत. योगिनीची देखभाल अशी, की नाव ठेवायला जागा नाही. बाटली उकळलेली, दुपटी धुतलेली, ताप मोजायची नळी उशाशी. मोबाईलमध्ये एक अॅपच होतं. बाळ कधी प्यायलं, कधी झोपलं, लंगोट कधी ओला झाला, सगळं त्यात भरलं जायचं. आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ही बाई दिवसातून वीस वेळा हात साबणानं खसखसून धुवायची आणि म्हाळसाबाईंचा जीव बादलीत अडकायचा.

पण म्हाळसाबाईंना वेगळंच काही खुपत होतं. योगिनी बाळाशी फार सभ्यपणानं वागत होती. पाहुण्याचं मूल चार दिवस सांभाळायला यावं आणि त्याला काही होऊ नये म्हणून जिवाचं रान करावं, तशी. तिनं पोरीचा कधी गालगुच्चा घेतला नाही, मुका घेतला नाही, की वैतागून "मेले, झोप आता" म्हटलं नाही. दुसऱ्याच्या लेकराला कोण रागावतं? एकदा तर दुधाला उशीर झाला तेव्हा ती बाळाला "थांबा हं, दोन मिनिटं" म्हणाली. थांबा! म्हाळसाबाईंच्या हातातला लसूण गळून पडला. आणि स्वतःला ती कधीही 'आई' म्हणत नसे. "मी आले हं," "हे घे दूध," एवढंच. अंगावरचं दूधही उतरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उतरेल, मन शांत ठेवा. मन शांत ठेवायची गोळी मात्र त्यांनी लिहून दिली नाही.

अशी मेंढी म्हाळसाबाईंनी पाहिली होती. एक नाही, पुष्कळ.

दुष्काळात कळपात असं व्हायचंच. इकडं एखादी मेंढी मरायची आणि तिचं कोकरू उघड्यावर पडायचं. तिकडं दुसरीचं कोकरू मरायचं आणि ती भरल्या सडानं ओरडत फिरायची. शहाण्या माणसाला वाटेल, द्या याला तिच्याजवळ, संपलं. पण मेंढी वास घेते आणि मान फिरवते. मग उपाय करावे लागतात. कोकराच्या पाठीला मीठ चोळायचं, म्हणजे ती चाटते. मेंढीचंच दूध काढून त्याच्या अंगाला लावायचं, म्हणजे वास लागतो. तरी घेईना, तर दोघांना जाळीच्या अरुंद कोंडीत रात्रभर ठेवायचं. आणि सगळं करून थकलं, की शेवटचा उपाय. त्याचं पुढं बघू.

आता हे उपाय फ्लॅटमध्ये कसे करायचे? पण म्हाळसाबाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. पोरीच्या पाठीला मीठ चोळायचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही, असं मी शपथेवर सांगणार नाही. अखेर त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन मायलेकींवरून ओवाळल्या आणि गॅसवर तडतडवल्या. त्याचा परिणाम एवढाच झाला की ठसका लागून योगिनीनं सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बाहेरची धूळ आत आली. मग वासाचा उपाय. योगिनीची अंगावरची जुनी ओढणी त्यांनी गुपचूप बाळाच्या पाळण्यात अंथरली. योगिनीनं ती पाहिली, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवली आणि अर्धी बादली पाणी खर्च करून पिळून वाळत घातली. तिसरा उपाय कोंडीचा. "त्या लहान खोलीत गार वाटतं बाई," असं म्हणून म्हाळसाबाईंनी खाट, पाळणा आणि सुनेला तिथं हलवलं. पश्चिमेची खोली, मे महिना, त्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी योगिनी आणि बाळ दोघींच्या अंगावर सारखंच घामोळं उठलं. दोघींत काहीतरी सारखं निघालं ते तेवढंच.

राहिला शेवटचा उपाय.

शेवटचा उपाय म्हणजे कुत्रं. मेंढी आणि कोकरू कोंडीत असताना समोर कुत्रं आणून उभं करायचं. दोरी घट्ट धरायची, पण ते गुरगुरलं पाहिजे, दात दिसले पाहिजेत. मग मेंढीच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. ती पाय आपटते, मान खाली घालते आणि त्या परक्या कोकरापुढं आडवी उभी राहते. एकदा अशी उभी राहिली की ते कोकरू तिचं. पुन्हा मीठ नको की काही नको. पण यात एक भीती असते, आणि ती म्हाळसाबाईंना पक्की ठाऊक होती. एखादी मेंढी कुत्रं बघून कोकरू तिथंच टाकून पळते. ती मग जन्मात त्याच्याकडं बघत नाही.

त्यांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी बारशाची तारीख काढली आणि वन्संना फोन लावला.

वन्सं म्हणजे आवडाबाई, सोनाजींची थोरली बहीण. फुलंब्रीकडं राहायच्या. मनानं वाईट नव्हत्या, पण मनापर्यंत पोचायला आधी तोंड ओलांडावं लागायचं. बिभीषणच्या लग्नात जेवण कसं झालं असं कुणीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, "बरं लागलं. भूक लई लागली होती म्हनून आसंल." बिभीषणला सख्खी बहीण नाही, त्यामुळं बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मानही त्यांच्याकडंच होता. बोलवायचं तर होतंच. म्हाळसाबाईंनी फक्त दोरी जरा सैल सोडली.

"वन्सं, पोरगी कुणावर गेली ते इथं कुणालाच कळंना," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्यावानी नजर कुणाची हाय? या, आन् चारचौघांत सांगा."

"त्यात काय, बघताक्षणी सांगते," आवडाबाई म्हणाल्या. त्या फोनवरसुद्धा फुगलेल्या ऐकू येत होत्या.

बारशाच्या दिवशी हॉलमध्ये पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, इमारतीतल्या बायका जमल्या. नेमक्या मुहूर्ताला खाली टँकर आला, तेव्हा अर्ध्या बायका मुहूर्त सोडून बादल्या घेऊन पळाल्या आणि भिजलेल्या पदरांनी परत आल्या. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आवडाबाई आल्या त्या नातीला, तनुजाला, घेऊन. तनुजा कॉलेजात होती आणि तिचा मोबाईल तिच्या हाताला चिकटूनच आला होता.

आवडाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, चष्मा चढवला आणि वाटणीला बसलेल्या तलाठ्यासारखी सुरुवात केली. "नाक बिभीषणचं. कान सोनाजीचे, पाळ्या बघा कशा लोंबत्यात. कपाळ आमच्या बापाचं." एकेक अवयव बापाच्या बाजूला जात होता आणि बायका माना डोलवत होत्या. योगिनी घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. म्हाळसाबाई पाळण्याच्या दोरीचा गोंडा हातात घेऊन नुसत्या पिळत होत्या.

"आन् आईचं काय आलं?" खालच्या मजल्यावरच्या लीलाबाईंनी भोळेपणानं विचारलं.

"आईचं?" आवडाबाईंनी बाळाला उजेडाकडं धरलं, कुशीवर वळवलं, बोटं उघडून बघितली. "रंग नाय. डोळे नाय. बोटं... नाय बा. आईचं काय दिसंना."

"थांब आजी, मोबाईलला विचारू," तनुजा म्हणाली. तिच्याकडं चेहरे जुळवून सांगणारं अॅप होतं. त्यावर तिनं मैत्रिणींची लग्नं जुळवली आणि मोडली होती. तिनं बाळाचा फोटो काढला, बिभीषणचा काढला, योगिनीचा काढला, आजीचाही काढला. हसू आवरत तिनं निकाल वाचला. "बाळाचे बाबा अठ्ठावन्न टक्के. आजी, तू एक्याऐंशी! आणि काकू..." ती जरा थबकली. "काकू सहा."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. "आता गं बया, माझ्यावर गेली!" आवडाबाई हरखून गेल्या, आणि त्या भरात त्यांच्या तोंडून ते निघालं. "हिनं तर नुसतं भाड्यानं घर दिलं म्हना की!"

बायका आणखी हसल्या. हसण्यासारखंच होतं ते, ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यासाठी. बिभीषण मात्र दारात पांढराफटक पडला. योगिनीनं हातातलं ताट हळूच टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

म्हाळसाबाईंच्या हातून गोंडा सुटला. पळाली. मेंढी पळाली. हे काय करून बसलो आपण? कुठली मेंढरं आणि कुठली माणसं, कशाला कशाची जोड लावली? त्यांना वाटलं, उठावं, आत जावं, सुनेचे पाय धरावेत. पण एवढ्या बायकांसमोर सांगणार काय? इकडं आवडाबाईंना कशाचाच पत्ता नव्हता. "मंग आता माझंच नाव ठेवते," त्यांनी जाहीर केलं. "आवडा!" आणि त्या बाळाच्या कानाशी वाकल्या. परंपरेप्रमाणं पाठीत धपाटे घालायला बायका मागं सरसावल्या.

तेवढ्यात बाळानं टाहो फोडला.

सव्वा महिन्याच्या मुलीचा आवाज तो काय, पण स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं आणि योगिनी दारात आली. तिच्या हातात घुगऱ्यांचा डाव तसाच होता. डोळे लाल होते. आणि निळ्या ब्लाऊजवर दोन्हीकडं ओले गोल डाग पसरत होते. ते सगळ्यात आधी म्हाळसाबाईंना दिसले. त्यांनी पदर तोंडात धरला.

"द्या इकडं," योगिनी म्हणाली.

"आगं, नाव तर सांगू दे. मान माझा हाय," आवडाबाई म्हणाल्या.

"मान तुमचा, पोर माझी. द्या."

"आसं कुठं आसतं व्हय?"

"असंच असतं!" योगिनीनं डाव टेबलावर आपटला आणि खाली वाकून बाळाला अक्षरशः हिसकावून घेतलं. "कोणावर गेली ते मोबाईलला काय विचारता? तिला कळ आली की कोण जागं राहतं, ते विचारा. ती काचेत होती तेव्हा काचेला हात लावून कोण उभं होतं, ते विचारा त्याला! सहा टक्के तर सहा टक्के. तेवढ्यातच मी तिची अख्खी आई आहे. ऐकलं का? आई आहे मी तिची!"

'आई' हा शब्द तिनं स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण ती जरा थांबली. मग तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगितलं.

"सुकेशनी."

योगिनीच्या आईचं नाव होतं ते. इमारतीतल्या बायकांना माहीत असायचं कारण नव्हतं. बिभीषणला माहीत होतं आणि तो भिंतीकडं तोंड करून नाक शिंकरायला लागला. खळी नाही येणार, हे काही कुणाला बदलता येत नव्हतं. पण नाव द्यायला कुठल्या डॉक्टरची परवानगी लागत नाही. योगिनी तिथंच, पाळण्याखाली, घुगऱ्या सांडलेल्या सतरंजीवर मांडी घालून बसली, तिनं पदर ओढून घेतला आणि लेकीला छातीशी लावलं. हॉल इतका शांत झाला की गटागट पिण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

लीलाबाईंना मात्र राहवेना. बारसं अर्धवट कसं सोडायचं? त्यांनी "कुर्रर्र" केलं आणि धपाटे कुणाला घालायचे ते न सुचल्यामुळं सगळ्यांनी ते सवयीनं आवडाबाईंच्याच पाठीत घातले. त्यानंतर आवडाबाई उठल्या आणि गॅलरीत जाऊन तोंड फिरवून बसल्या.

बायका पांगल्यावर म्हाळसाबाई चहा घेऊन तिकडं गेल्या. वन्सं कठड्याबाहेर बघत होत्या, जिथं एकेकाळी रान होतं आणि आता समोरच्या इमारतीचे कपडे वाळत होते. तेवढ्यात तनुजा वातावरण हलकं करायला आली. तिनं भिंतीवरच्या सोनाजींच्या फोटोशी बाळाचा चेहरा जुळवायचा प्रयत्न केला होता. फोटो जुना, शहागंजातल्या स्टुडिओत काढलेला. सोनाजी फेटा बांधून ताठ उभे आणि कडेवर एक कोकरू.

"आजी, गंमत बघ. मोबाईल आजोबांचा चेहरा धरतच नाही, कोकराचा धरतोय! पोरीचं त्या कोकराशी बेचाळीस टक्के जुळतंय."

आवडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल हातात घेऊन त्या कोकराकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग नातीला म्हणाल्या, "जा, आत जाऊन घुगऱ्या खा." ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्हाळसे, हे कोकरू कुठलं गं?"

"आसंल कुठलंतरी, वन्सं. चहा घ्या."

"कुठलंतरी? दीडशे मेंढरांतून सोनाजीनं फोटोला हेच का घेतलं कडंला? हे त्या मेलेल्या मेंढीचं. दुसरीला लावलं होतं आपुन. मीठ चोळलं, दूध लावलं, कोंडीत घातलं, कशानं घेईना. मंग तूच म्हनलीस, वन्सं, मोत्याला आना." त्यांनी बशी खाली ठेवली. "दोरी माझ्याच हातात होती. आन् परवा फोनवर म्हनलीस, वन्सं, तुमीच या."

म्हाळसाबाईंनी मान खाली घातली.

"मला कुत्रं केलंस व्हय गं, भवाने?"

"व्हय, वन्सं," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि मघापासून तोंडात धरलेलं रडू एकदाचं बाहेर आलं. "लई वाईट केलं. पळाली आसती तर काय केलं आसतं मी?"

आवडाबाई बराच वेळ चहा फुंकत राहिल्या. चहा केव्हाच निवला होता.

"काय झालं होतं ते मला सांगू नको," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या तोंडात ऱ्हात नाय, तुला ठावं हाय. भाड्याचं घर का काय ते बोलले, ते तिला लागलं, एवढं दिसलं मला. ते बोलायला नव्हतं पायजे." मग जरा ताठ झाल्या. "खंडोबाच्या पायाशीबी कुत्रंच आसतंय म्हना. पन मोत्याला आपुन नंतर भाकरी घातली होती."

"तुमाला काय घालू?"

"इरकल लुगडं. गुलमंडीवरनं. काठ रुंद पायजेत."

म्हाळसाबाईंनी तिसऱ्या दिवशी इरकल घेतलं. रुंद काठाचं.

योगिनीला अजूनही वाटतं की सासूला यातलं काही माहीत नाही. बिभीषणला अजूनही वाटतं की एक आई सोडली तर आपण गुपित नीट सांभाळलं. घरात सगळं झकास चाललं आहे, आणि तक्रार आहे ती एकट्या म्हाळसाबाईंची. कारण या उपायाचा एक दोष त्या साफ विसरल्या होत्या. कुत्रं नेलं तरी मेंढी पुढं कितीतरी दिवस कुणालाच जवळ येऊ देत नाही. धन्यालासुद्धा ढुशी मारते.

परवा नळाला पाणी आलं होतं. म्हाळसाबाई भरलेल्या बादल्यांकडं पाठ करून योगिनीच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"दे की जरा माझ्याजवळ."

"हात धुतले का, आई?"

"आत्ताच धुतले."

"परत धुवा. मघाशी तुम्ही लसूण सोलत होता. आणि पाचच मिनिटं हं, तिची झोपायची वेळ झाली."

म्हाळसाबाई पुटपुटत मोरीवर गेल्या, हात धुऊन परत आल्या आणि दाराशीच थबकल्या. आत योगिनीचा आवाज चढला होता.

"अगं मेले, सोड! गाढवे, आईचे केस ओढतीस? सोड म्हणते ना! कोणावर गेलीस गं तू अशी द्वाड?" मग आवाज एकदम खाली आला. "माझ्यावरच गेलीस. मीपण अशीच ओढायचे माझ्या आईचे. मार खायचे, पण सोडायचे नाही."

आत कसला तरी मोठा मुका घेतल्याचा आवाज झाला. म्हाळसाबाईंनी ओल्या हातांनीच डोळे पुसले. मग हाताला डोळ्यांचं पाणी लागलं म्हणून ही बाई पुन्हा बोलेल, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या निमूटपणे आणखी एकदा हात धुवायला गेल्या.